नामकरण सोहळा

भैयासाहेबांनी टीव्हीला हार घालायला लावला, तेव्हाच माझं डोकं सणकलं होतं.

टीव्ही म्हणजे आमच्या कॉलेजच्या सभागृहातला भिंतभर पडदा. त्यावर मेळघाटचा नकाशा, नकाशावर पाच हिरवे ठिपके, आणि वर ठळक सोनेरी अक्षरं: 'कै. दौलतराव उमाळे स्मृती आरोग्य जाल'. झेंडूचा हार असा लोंबत होता की पाचातले दोन ठिपके दिसतच नव्हते. ते कुणाला बघायचेही नव्हते. दौलतराव आमच्या संस्थेचे संस्थापक, आणि आताचे अध्यक्ष भैयासाहेब हे त्यांचे चिरंजीव. संस्थेत पाण्याचा नळ बसवला तरी त्याला दौलतरावांचं नाव मिळायचं. कॉलेज त्यांच्या नावाचं, वसतिगृह त्यांच्या नावाचं, सायकल स्टँडसुद्धा. आता माझं जाळं.

माझं म्हणते, कारण ते मी उभं केलं होतं. दोन वर्षं मेळघाटात खांब रोवत, माहिती साठवायचे डबे बसवत, माकडांनी तोडलेल्या वायरी जोडत हिंडले होते. त्या काळात ठोसर सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, एकदा वर आले होते. फोटोपुरते.

मंत्रीसाहेब आले होते. दीपप्रज्वलन झालं होतं. स्वागतगीत चालू होतं. सरांनी नवा कोट घातला होता आणि ते व्यासपीठावर भैयासाहेबांच्या खुर्चीमागे हात बांधून उभे होते. मी कडेच्या भिंतीला टेकून उभी होते. तेवढ्यात फोन थरथरला. जांभेकर सिस्टर.

भवरीढाण्याच्या उपकेंद्रातल्या या नर्स. त्यांच्या गावात मोबाइलला रेंज नाही. ती मिळते घाटात, देवीच्या वळणावर. म्हणून तर आमचा मुख्य खांब आम्ही तिथे उभा केला होता. तिथून कुणी उगाच फोन करत नाही. मी व्हरांड्यात आले.

"मॅडम, जांभेकर बोलून राहिली. देवीच्या वळणावरून."

"बोला सिस्टर. काय झालं?"

"आमच्या मुन्नी कासदेकरले साप चावला. पहाटे मोहफुलं वेचाले गेल्ती. मॅडम, सापाचं इंजेक्शन अख्ख्या मेळघाटात संपलं का हो?"

"संपलं? कुणी सांगितलं?"

"तुमच्या जाळ्यानं. माह्यापाशी होतं ते मागच्या हप्त्यात लागलं. म्हणून म्या सगळ्यायले विचारलं. कोणाचंच उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. मंग जीपमंदी टाकलं तिले अन् खाली शहरात घेऊन निघाली."

"कशी आहे ती?"

मागे जीपचं इंजिन आणि एका बाईचं रडणं ऐकू येत होतं. मुन्नीची सासू असावी.

"पापण्या पडून राहिल्या मॅडम. बोलणं जड झालं. शहर अजून अडीच-तीन तास आहे. तवरोक नाही धरायची ती."

मला एका क्षणात सगळं कळलं. संतापाने माझे कान गरम झाले.

ते जाळं कसं चालायचं हे सांगितल्याशिवाय माझा संताप कळायचा नाही, म्हणून सांगते.

आपल्या नेहमीच्या इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. आपण नाव टाकतो, पण ते वरवरचं. आत त्या नावाचा नंबर काढतात आणि नंबरावरून रस्ता शोधतात. त्या नंबरचं यंत्र मुंबईत असेल तर घाटातल्या नर्सलाही मुंबईपर्यंत जाऊन यावं लागतं, आणि मधली वायर तुटली की सगळं ठप्प. आम्ही नंबर काढूनच टाकला होता. वस्तूचं नाव घ्यायचं. जवळच्या ज्या डब्यात ती माहिती असेल, तो डबा उत्तर देणार. त्याच्याकडे नसेल तर तो पुढच्याला विचारणार. शहराशी संबंध तुटला तरी पाच गावं आपापसात बोलत राहणार.

पहिल्या वर्षी आंब्याखाली बसून मी हे पाचही उपकेंद्रांच्या सिस्टरांना समजावत होते. तेव्हा जांभेकर सिस्टर हसून म्हणाल्या होत्या, "एवढंच ना? आमच्या गावात कोण घर नंबरानं विचारते? कासदेकराचं घर कोणतं म्हटलं का कोणीबी नेऊन सोडते." कुठल्या माहितीला काय नाव द्यायचं तेही त्या पाचजणींनीच ठरवलं. नाव गावापासून सुरू करायचं, मग औषध, मग कशावरचं. ती नावं त्यांच्या फोनमध्ये बसवली. तेव्हापासून कुठल्या केंद्रात काय शिल्लक आहे हे कुणी पाठ ठेवत नव्हतं. फोन रेंजशिवायही डब्याशी बोलायचा, त्याला विचारलं की कळायचं. 'उत्तर नाही' याचा अर्थ कुणाकडेच नाही, असा त्यांचा पक्का विश्वास बसला होता. हा विश्वास मिळवायला आम्हाला दोन पावसाळे लागले होते.

आणि सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात ठोसर सर मला म्हणाले, "ढोले, जाळ्याला दौलतरावांचं नाव द्यायचंय. सगळ्या नावांची सुरुवात त्यांच्यापासून करा."

मी म्हटलं, "सर, तसं नाही करता येणार."

"का नाही? पाटी तर बदलायची. दुकान तेच."

"इथे पाटी म्हणजेच रस्ता आहे, सर. सिस्टरांचे फोन जुन्या नावाने विचारणार, डबे नव्या नावाने ऐकणार. कुणाला कुणाचं कळणार नाही. तुम्ही यावर पेपर लिहिलाय ना?"

पेपर मी लिहिला होता. त्यावर पहिलं नाव त्यांचं होतं. माझ्या बोलण्यातला टोमणा त्यांना कळला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग मार्ग काढा. मार्ग काढायचा पगार मिळतो तुम्हाला."

मार्ग मी काढला. दोन्ही नावं चालू ठेवायची, नवं शोभेला आणि जुनं कामाला. मग सवडीने वर जाऊन पाचही सिस्टरांच्या फोनमध्ये बदल करून यायचं. सर 'ठीक' म्हणाले. तिथेच हे संपलं असतं. पण रंगीत तालमीला भैयासाहेब आले, पडद्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी बोट दाखवलं.

"हे खाली बारीक बारीक काय लिहिलंय? भवरीढाणा, सालईढाणा? माझ्या वडिलांच्या नावाखाली हे कायले पाहिजे?"

"ते जुनं नाव आहे, साहेब," सर म्हणाले.

"मग काढा ना."

"काढतो, साहेब."

"काढता येणार नाही," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "त्या नावावर लोकांची औषधं चालतात."

भैयासाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरांना विचारलं, "या कोण?" दोन वर्षं माझ्या कामाचे फोटो ते वार्षिक अहवालात छापत होते. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी माझा पासवर्ड बंद झाला. मी सरांना जाब विचारला, तर म्हणाले, सोहळ्यापुरता बंद ठेवलाय, तुम्ही भावनेच्या भरात काही करून बसाल. जुनी नावं काढली नाहीत ना, असं विचारलं, तर म्हणाले, छे. माझ्या तोंडावर म्हणाले.

"सिस्टर," मी फोनवर म्हटलं, "पुढे जाऊ नका. तिथेच थांबा. फोन ठेवू नका."

"थांबू? मॅडम, हिच्यापाशी टाइम नाही."

"इंजेक्शन वरतीच कुठेतरी आहे. मला शोधू दे."

व्यासपीठाच्या मागच्या खोलीत जाळ्याशी जोडलेलं कॉलेजचं यंत्र होतं. पासवर्ड नसला तरी सोहळ्यासाठी लावलेल्या कीबोर्डवरून प्रश्न विचारता येत होता. मी नव्या नावाने, दौलतरावांना पुढे करून, विचारलं: सापावरचं इंजेक्शन कुठे आहे? लगेच उत्तर आलं. हिरव्या अक्षरांत, झोकात. 'भवरीढाणा. उपलब्ध.'

मी ते दोनदा वाचलं. भवरीढाणा म्हणजे जांभेकर सिस्टरांचंच केंद्र. जिथलं इंजेक्शन संपलं म्हणून त्या बाईला घेऊन घाटात उभ्या होत्या, ते.

ते उत्तर मेळघाटातून आलंच नव्हतं. मंत्र्यांनी बटण दाबलं आणि नेमकी तेव्हाच घाटातली रेंज गेली तर फजिती होईल, म्हणून सरांनी जुनं उत्तर इथल्या यंत्रात भरून ठेवलं होतं. जवळ ज्याच्यापाशी असेल तो उत्तर देतो, हा तर आमच्या जाळ्याचा नियम. सगळ्यात जवळचं हेच यंत्र होतं. कितीदाही विचारलं असतं तरी त्याने हेच खोटं तोंडावर फेकलं असतं.

मी तशीच व्यासपीठाच्या पायऱ्यांवर गेले. निवेदिका मंत्रीसाहेबांचा परिचय वाचत होती. मी सरांची बाही धरली.

"तुम्ही जुनी नावं पुसलीत."

"ढोले, खाली जा."

"साप चावलेली बाई घाटात आहे. औषध कुठे आहे ते कळत नाहीये. पासवर्ड द्या, आत्ता."

सरांचा चेहरा पडला. घाबरले ते, मी पाहिलं. पण त्यांनी पाहिलं कुठे, तर भैयासाहेबांच्या मानेकडे.

"बटण होऊ दे," ते कुजबुजले. "मंत्रीसाहेब बोलतील, बटण दाबतील, अर्धा तास. मग मी स्वतः करून देतो."

"तिच्याकडे वाया घालवायला अर्धा तास नाही."

"अहो, आत्ता नावं बदलताना पडदा काळा झाला तर काय होईल कल्पना आहे का तुम्हाला? माझी नोकरी जाईल."

भैयासाहेबांनी मान वळवली. "काय कटकट आहे, ठोसर?"

मी वाकून त्यांनाच सांगितलं. एक बाई मरतेय, तुमच्या वडिलांच्या नावापायी मरतेय, असंच सांगितलं. शब्द निवडायची शुद्ध नव्हती. ते हसऱ्या चेहऱ्याने समोरच्या कॅमेऱ्याकडे बघत राहिले आणि ओठ न हलवता म्हणाले, "अॅम्ब्युलन्स पाठवा न तिले. अन् यायले खाली न्या."

दोन शिपाई पायऱ्यांपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी मला हात लावायच्या आत मी खाली उतरले. फोन कानालाच होता.

"मॅडम? मॅडम, काय करू? थांबू का जाऊ?"

मला तो प्रश्न अजून ऐकू येतो. 'जा' म्हटलं असतं तर माझी जबाबदारी संपली असती. जीप शहराकडे निघाली असती, आणि वाटेत जे व्हायचं ते झालं असतं.

"थांबा," मी म्हटलं.

डबे बनवताना मी एक सोय केली होती. प्रत्येक डब्याला त्याचं मूळ नाव आत कायमचं कोरलेलं होतं. नवीन नाव कॉलेजच्या यंत्राकडून यायचं आणि ते यंत्र जिवंत असेपर्यंतच टिकायचं. यंत्र बंद पडलं की डबे जरा वेळ वाट बघायचे आणि आपापल्या जुन्या नावावर परत यायचे. शहरावर विसंबून राहू नये म्हणून केलेली सोय होती ती. सरांना ती ठाऊक नव्हती, कारण त्यांनी तो पेपर कधी वाचलाच नव्हता.

मी मागच्या खोलीत गेले. बाहेर मंत्रीसाहेबांनी भाषणाआधीच बटणावर हात ठेवला होता, निवेदिका "तीन, दोन" मोजत होती. मी प्लग उपसला. मग, कुणी येऊन परत लावू नये म्हणून, वायर बोर्डाच्या बाजूनेही ओढून काढली.

बाहेर निवेदिकेचं मोजणं मधेच तुटलं. मग हसू. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. दारातून पाहिलं, तर काळाकुट्ट पडदा होता आणि त्यावर झेंडूचा हार. फोटोला घालतात तसा. मला तेव्हा हसू आलं नाही. आज येतं.

खोलीला आतून कडी होती. ती लावली.

"सिस्टर, त्या खांबाखाली जा. आपल्या डब्याला परत विचारा. विचारत राहा."

"विचारून राहिली." थोड्या वेळाने, "नाही." परत, "नाही मॅडम."

दारावर धडका सुरू झाल्या. सर ओरडत होते, माझं पूर्ण नाव घेऊन. वैजयंती ढोले, दार उघड. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव पूर्ण घेतलं.

"मॅडम, हिचा श्वास बदलला. मी निघते आता."

"अजून एकदा. फक्त एकदा. माझ्यावर विश्वास ठेवा."

जीपच्या इंजिनाचा आवाज मोठा झाला. मला वाटलं, गेल्या. जायलाच हव्या होत्या, कोण थांबलं असतं? मी कपाळ भिंतीला लावून उभी राहिले आणि आयुष्यात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. सरांना, भैयासाहेबांना, मेलेल्या दौलतरावांनासुद्धा.

आणि मग सिस्टर किंचाळल्या.

"आलं! सालईढाणा! सालईढाण्यापाशी आहे म्हणते, भरपूर आहे!" आणि ड्रायव्हरला, "अरे, फिरव! मागं फिरव गाडी!"

सालईढाणा त्या वळणापासून अर्ध्या तासावर. उलट्या दिशेला. सकाळी घरून निघतानाच उत्तर मिळालं असतं, तर मुन्नी कधीच तिथे पोचली असती.

जीप वळली आणि रेंज गेली.

मी कडी काढली. शिपायांनी मला बाहेर नेलं, ओढत नाही, पण दंडाला धरून. मंत्रीसाहेब निघून गेले होते. सर लोकांना सांगत होते, लूज कनेक्शन, लूज कनेक्शन. भैयासाहेब सगळ्यांदेखत मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. दुपारी निलंबनाची नोटीस हातात पडली. ती घेऊन मी कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. फोन टेबलावर ठेवला होता. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो वाजला.

"जगली मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "सालईढाण्यात इंजेक्शन देल्लं, मंग श्वासाची नळी टाकून इथवर शहराच्या दवाखान्यात आणली. औषध लागू पडलं. आत्ता डोळे उघडले तिनं. हातानं खुणा करून पोराले मांगून राहिली."

मी रडले. टपरीवाल्याने न मागता दुसरा चहा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. पहिल्या पानावर, चौकटीत. 'दौलतराव उमाळे स्मृती आरोग्य जालामुळे वाचले आदिवासी महिलेचे प्राण.' 'उद्घाटनाच्या दिवशीच जालाची यशस्वी कामगिरी.' फोटो भैयासाहेबांचा आणि मंत्रीसाहेबांचा. खाली सरांची प्रतिक्रिया: दौलतरावांचे आशीर्वाद.

मी पेपर घेऊन थेट भैयासाहेबांच्या बंगल्यावर गेले. सर तिथेच बसले होते, पोहे खात.

"या, या मॅडम," भैयासाहेब म्हणाले. आता मी मॅडम झाले होते. "नोटीस मागे घेतली आम्ही. रविवारी तुमचा अन् त्या बाईचा सत्कार आहे. दोन शब्द बोला चांगले."

"मी बोलले तर चांगले नसतील."

सरांचा चमचा थांबला. भैयासाहेबांना मात्र माणसं विकत घ्यायची सवय होती. ते खुर्चीत मागे रेलले. "काय पाहिजे तुम्हाले?"

रात्रभर मी याचाच विचार केला होता. वर्तमानपत्राकडे जावं, तर ज्याने ही बातमी छापली होती त्याच्याकडे जायचं. पोलिसांकडे जावं, तर गुन्हा कसला सांगायचा, नाव बदलल्याचा? आणि मी बाहेर पडले तर उद्या हेच लोक परत तीच नावं पुसणार होते.

"पाटी लावा," मी म्हटलं. "पत्र्याची. हवी तेवढी मोठी. खांबावर लावा, डब्यावर लावा, माकडाच्या शेपटीला लावा. पण आतल्या नावाला हात लावायचा नाही. पासवर्ड माझ्याकडे आणि पाचही सिस्टरांकडे राहील. ठोसर सरांकडे नाही. हे आत्ता लिहून द्या, मग मी रविवारी तोंड मिटून शाल घेते."

भैयासाहेब मोठ्याने हसले. "एवढंच? मले वाटलं, पगारवाढ मागता."

रविवारी मी शाल घेतली. मुन्नीला साडी-चोळी मिळाली. तिने ती पिशवीतून काढलीही नाही. कार्यक्रमभर ती दाराकडे बघत होती. मोहाचा हंगाम चालू होता, तिला घरी जायचं होतं.

सर पुढे प्राचार्य झाले. देवीच्या वळणावर ती पत्र्याची पाटी आहे अजून, रंग उडालेली. मी तिथे गेले की जांभेकर सिस्टर भेटतात. आता निवृत्त झाल्यात, तिथेच राहतात. मागच्या खेपेला आम्ही खांबाखाली बसलो होतो, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "मॅडम, त्या दिवशी उत्तर नसतं आलं तर?"

याचं उत्तर मला पाठ आहे. तीही बातमी आली असती. आतल्या पानावर, तळाशी, चार ओळी: सर्पदंशाने महिलेचा मृत्यू. तिच्यात उमाळेंचं नाव नसतं, ठोसरांचं नसतं, आणि मुन्नीचंही नसतं.